पिकअपच्या हौद्यात लाकडी ड्रॉवर: मापापासून बसवणीपर्यंत

कामाच्या पिकअपमध्ये अवजारं हौद्यात मोकळी टाकली की हवी ती वस्तू नेमकी केबिनच्या बाजूला, सगळ्यांच्या खाली जाऊन बसते. हौद्याच्या तळाशी एक बुटकी पेटी, तिच्यात दोन लांब ड्रॉवर आणि वर सामान टाकायला सपाट फळी, असं केलं की ही अडचण सुटते. ज्याला करवत सरळ चालवता येते आणि टेप नीट वाचता येतो, त्याला हे काम जमण्यासारखं आहे. मात्र ते सुतारकामापेक्षा फटींमुळे जास्त बिघडतं. कुठे किती मिलिमीटर मोकळं ठेवायचं हे आधी ठरलं नसेल तर ड्रॉवर अडकतो, नाहीतर लोंबतो.

खालची सगळी मापं एका नमुना हौद्याची आहेत: फाळका (हौद्याचं मागचं उघडणारं दार) लावलेला असताना आतली लांबी १५०० मिमी आणि दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधलं अंतर ११०० मिमी. तुमचा हौदा वेगळा असणार. आकडे बदला, फटी तशाच ठेवा.

हौदा मोजताना

लांबी तळाशीच मोजा, कारण पुढची भिंत आणि फाळका बहुतेक गाड्यांत किंचित कललेले असतात आणि वर मोजलेलं माप फसवतं. रुंदी तीन ठिकाणी घ्या: केबिनजवळ, चाकांच्या उंचवट्यांमध्ये आणि फाळक्यापाशी. त्यातलं सर्वांत कमी माप धरायचं. हौद्यात लायनर (प्लास्टिकचं अस्तर) असेल तर तो बसवलेला असतानाच मोजा. चाकाच्या उंचवट्याची उंचीही लिहून ठेवा. पेटी त्याहून उंच ठेवली तर वरची फळी पुढे कधीतरी दोन्ही बाजूंना पंख लावून रुंद करता येते.

एक माप हमखास राहून जातं. फाळका उघडून आडवा करा आणि त्याची आतली बाजू हौद्याच्या तळाच्या सपाटीत येते की वर राहते ते पट्टी ठेवून पाहा. वर राहत असेल तर जितकी वर, तितकी पेटी उचलून घ्यावी लागते. नाहीतर ड्रॉवरचा दर्शनी भाग बाहेर येताना फाळक्यावर घासतो.

आता वजन. खाली दिलेली पेटी ड्रॉवरसकट सुमारे ९० किलो भरते. गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर भारक्षमता दिलेली असते. त्यातून हे ९० किलो आणि गाडीत बसणारी माणसं वजा करा. उरलेलं तुमच्या सामानाचं. हा हिशोब गैरसोयीचा निघाला तर तळ १८ ऐवजी १२ मिमी प्लायचा घ्या. त्यात सहा किलो वाचतात आणि पेटीची बाहेरची उंची तेवढीच ठेवली तर आतली ६ मिमीने वाढते.

ड्रॉवर कशावर सरकवायचा

तीन मार्ग आहेत. पहिला, बॉल बेअरिंगचे जड कामाचे चॅनेल. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो, हाताला हलका लागतो. पण हे चॅनेल दोन्ही बाजूंना साधारण १९-१९ मिमी जागा खातात, दोन्ही एकमेकांना काटेकोर समांतर बसवावे लागतात, आणि उघड्या हौद्यात ग्रीसवर बसलेली धूळ काही महिन्यांत त्यांना किरकिरवते. दुसरा, बेअरिंग किंवा छोटी चाकं. स्वस्त आणि दणकट, पण चाक प्लायवर चालून खोबण पाडतं, म्हणून त्याखाली धातूची पट्टी लागतेच, आणि सगळी चाकं एका पातळीत आणायला हात सरावलेला हवा.

तिसरा मार्ग म्हणजे पॉलिथिलीनची सरकपट्टी: यूएचएमडब्ल्यू (झिजेला जास्त टिकणारी जात) मिळाली तर उत्तम, नाहीतर एचडीपीई (साधी जात). पेटीत प्लास्टिकची पट्टी, ड्रॉवरच्या खालच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. फिरणारा भागच नाही, त्यामुळे चिखल गेला तर फडक्याने पुसायचा. ड्रॉवर आणि सामान मिळून ६० किलोपर्यंत असेल तर पहिल्या कामाला हाच घ्या. त्याहून जड, म्हणजे हातोड्यांच्या पेट्या, लोखंडी फिटिंग, वेल्डिंगचं सामान असलं काही असेल तर चॅनेलला पर्याय नाही. पुढचं सगळं सरकपट्टी धरून लिहिलं आहे.

सामान

प्लाय वॉटरप्रूफ दर्जाचाच घ्या, मरीन मिळाला तर तोच. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात कडांना फुगतो, आणि फुगलेली कड म्हणजे अडकलेला ड्रॉवर. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचा इथे विचारही नको.

१८ मिमी प्लाय, आठ बाय चारचे ३ शीट.
१२ मिमी प्लाय, आठ बाय चारचे २ शीट.
२० × २० मिमी लाकडी रीप, साडेसात मीटर.
अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी २५ × ३ मिमी, ५.६ मीटर.
पॉलिथिलीन पट्टी ४० × ६ मिमी, ५.६ मीटर (खाली), आणि २५ × ६ मिमी, ५.६ मीटर (वर).
स्क्रू: ४ × ५० मिमी सुमारे २००, ३.५ × ३५ मिमी सुमारे २००, पट्ट्यांसाठी ३.५ × १६ मिमी चपट्या डोक्याचे १००. सगळे स्टेनलेस किंवा निदान झिंक चढवलेले.
एम १० कॅरेज बोल्ट (गोल डोक्याचे) ४, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि ५० × ५० × ५ मिमीच्या लोखंडी चकत्यांसह.
एम १० × ५० बोल्ट २ आणि त्यांचे टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट), ड्रॉवर थांबवायला.
टॉवर बोल्ट २, बारा मिमी दोर दोन मीटर, ५ मिमी जाडीच्या रबरी पट्ट्या, पाण्याला टिकणारा सुतारकामाचा गोंद, प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट.

हत्यारं: सर्क्युलर सॉ, ड्रिल, गुण्या, चार तरी शिकंजे, कानस, पॉलिश पेपर. राउटर असेल तर बरंच, नसला तरी अडत नाही.

कापायची यादी

कापण्याआधी प्लायची खरी जाडी कॅलिपरने मोजा. अठरा म्हणून विकलेला शीट साडेसतरा, कधी सतराही भरतो. तीन उभ्या फळ्यांत मिळून दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि ड्रॉवरची फटही काही मिलिमीटरचीच असते.

पेटी, १८ मिमी प्लाय (बाहेरून लांबी १४४०, रुंदी १०८०, उंची ३००):
तळ १ आणि वरची फळी १, दोन्ही १४४० × १०८०.
बाजू २ आणि मधला पडदा (दोन खण वेगळे करणारी उभी फळी) १, तिन्ही १४४० × २६४.
मागच्या फळ्या २, प्रत्येकी ५१३ × २६४.
दर्शनी फळ्या २, प्रत्येकी ५३८ × २८३.

ड्रॉवर, १२ मिमी प्लाय (दोन्हींचं मिळून):
बाजू ४, १४०० × २४६.
पुढची-मागची फळी ४, ४८१ × २४६.
तळ २, १३७६ × ४८१.
मधली आडवी फळी २, ४८१ × १८०.

पेटीच्या प्रत्येक खणाची आतली रुंदी ५१३ आणि उंची २६४ येते. ड्रॉवर ५०५ रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना ४-४ मिमी मोकळे. उंचीचा हिशोब असा: खाली ६ मिमी प्लास्टिक, त्यावर ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम, मग २४६ चा ड्रॉवर, ३ मिमी फट आणि वर पुन्हा ६ मिमी प्लास्टिक. बेरीज २६४.

या यादीतले पेटीचे तुकडे आज कापा. ड्रॉवरचे तुकडे पेटी उभी राहिल्यावर तिच्या प्रत्यक्ष मापाने कापायचे. सगळं एकदम कापून घ्यायचा मोह होतो, विशेषतः दुकानातच शीट कापून मिळत असतील तेव्हा. पण पेटी कागदावरच्या मापाला तंतोतंत कधीच उतरत नाही.

घरी कापत असाल तर शीट थर्मोकोलच्या जाड तुकड्यांवर आडवा ठेवा, पात्याची खोली प्लायपेक्षा पाचेक मिमी जास्त ठेवा आणि सरळ पट्टी शिकंज्यांनी बांधून तिच्या कडेने सॉ चालवा. सर्क्युलर सॉ वरच्या बाजूला चिरफळ्या काढतो, म्हणून चांगली बाजू खाली. पात्याला निदान ४० दात हवेत. पातं स्वतः दोन-तीन मिमी खातं, हे पुढच्या तुकड्याच्या खुणेत धरायला विसरू नका. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. प्लायची भुकटी गोंदासकट उडते.

पेटी जोडणे

तळाची फळी जमिनीवर ठेवून बाजूंच्या, पडद्याच्या आणि मागच्या फळ्यांच्या रेषा मारा. पडदा बरोबर मध्ये. रेषेच्या मधोमध दर १५० मिमीवर ३ मिमीचं आरपार भोक पाडा. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घुसवला तर थर सुटतात, म्हणून उभ्या फळीच्या कडेतही अडीच मिमीचं भोक आधी हवं, आणि टोकापासून पहिला स्क्रू ३० मिमी तरी आत.

जोडण्याआधी तुकडे रंगवून घ्या (खाली ‘रंग’ हा भाग पाहा). मग बाजूच्या कडेला गोंद लावा, शिकंज्याने धरा आणि तळाखालून ४ × ५० चे स्क्रू वर घाला. आधी एक बाजू, मग मागच्या फळ्या, मग पडदा, शेवटी दुसरी बाजू. मागच्या फळ्याच पेटीला गुण्यात धरून ठेवतात, त्यामुळे त्या कापताना आळस नको. त्या वेड्यावाकड्या कापल्या तर पेटीही तशीच होते.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. या पेटीची मापं १०८० आणि १४४० अशी आहेत, म्हणजे तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण. कर्ण बरोबर १८०० भरायला हवा, दोन्हीकडून. दोन मिमीपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना पट्टा बांधून आवळा, बरोबर आल्यावर तसाच ठेवून गोंद वाळू द्या. रात्रभर हात लावायचा नाही.

वरच्या फळीला गोंद लावू नका, नुसते स्क्रू. कधी ड्रॉवर अडकला, सरकपट्टी झिजली, तर तीच एक वाट आत जायला उरते. ती एवढ्यात बसवायचीही नाही, आधी सरकपट्ट्या.

सरकपट्ट्या

खालच्या ४० मिमी पट्ट्या प्रत्येक खणात दोन्ही भिंतींना चिकटून, पुढच्या कडेपासून मागपर्यंत. वरच्या २५ मिमी पट्ट्या फळीच्या खालच्या बाजूला, ड्रॉवरच्या बाजूंच्या बरोबर वर येतील अशा. पॉलिथिलीनला कोणताही साधा गोंद धरत नाही, म्हणून स्क्रू लागणारच. स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या दोन मिमी खाली जाईल इतकं काउंटरसिंक करा, म्हणजे भोकाचं तोंड खोलगट करा. डोकं जराही वर राहिलं की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे येतात आणि ड्रॉवर त्या जागी दरवेळी धक्का देतो.

हे प्लास्टिक उन्हात चांगलंच वाढतं. दीड मीटरच्या आसपासची पट्टी ३० अंशांच्या फरकाने सहा-सात मिमी लांब होते. सगळीकडून घट्ट आवळली तर दुपारी तिच्या मधोमध पोळीसारखा फुगा येतो आणि ड्रॉवर त्यावर चढतो. म्हणून १४०० ची अखंड पट्टी लावू नका. तीन तुकडे करा, मध्ये चार मिमी मोकळे ठेवा, आणि प्रत्येक तुकड्याचा मधला स्क्रू घट्ट, टोकांचे स्क्रू लांबट भोकातून जरा सैल. तुकड्यांच्या तोंडाच्या कडा कानसेने तिरक्या करा, म्हणजे ड्रॉवर सांध्यावर अडत नाही.

ड्रॉवर

आता प्रत्येक खणाची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा. सर्वांत कमी मापातून ८ मिमी वजा: ती ड्रॉवरची बाहेरची रुंदी. उंचीही तशीच, प्रत्यक्ष मोजून. रंगाचे थर दोन्हीकडचे मिळून अर्धा-एक मिमी खातात, त्यामुळे चारची फट तीनवर आणण्याची हौस नको.

पुढची आणि मागची फळी दोन्ही बाजूंच्या मध्ये बसते. गोंद आणि ३.५ × ३५ चे स्क्रू, उंचीत चार-चार. आतून खालच्या कडेला लागून चारी बाजूंनी २० मिमी रीप फिरवा, गोंद आणि स्क्रूने, आणि तिच्यावर तळ ठेवा. ड्रॉवरचा तळ खालून ठोकलेला कधीच नसावा. अवजारांचं वजन दर खड्ड्याला त्या खिळ्यांना उपटत राहतं. रिपेवर बसलेला तळ वजनाने उलट घट्ट बसतो, आणि तीच रीप खाली अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला धरायला भरीव जागा देते.

मधली आडवी फळी लांब बाजूंना बाहेर फुगू देत नाही. ती १८० मिमीच उंच का, ते पुढे येतं.

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खालच्या कडेला, बाहेरच्या बाजूशी सपाट. दोन्ही टोकं कानसून वर वळवल्यासारखी गोल करा. ड्रॉवरच्या बाजूंची वरची कड, विशेषतः मागचे १०० मिमी, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तिथे रंगाऐवजी मेण घासा. ड्रॉवर उघडल्यावर सगळा ताण त्याच दोन कोपऱ्यांवर येतो. रंग दिला तर तो उन्हात चिकटतो.

दर्शनी फळी शेवटी. ड्रॉवर खणात पूर्ण ढकला, दर्शनी फळी पेटीच्या तळापासून १२ मिमी वर येईल अशा लाकडी चिपांवर उभी करा, दोन्ही फळ्यांत ४ मिमीची फट ठेवा आणि ड्रॉवरच्या आतून स्क्रू घाला. हँडल म्हणून पुढे आलेलं काहीही लावू नका. फाळका लागणार नाही. दोन भोकं पाडून दोर ओवा आणि आतून गाठ मारा. दोर दाबला जातो, तुटला तर बदलतो, आणि हातमोजे घातलेल्या हातातही येतो.

किती बाहेर येऊ द्यायचा

इथे थोडं गणित करणं भाग आहे, कारण अशा पेट्या बहुधा याच जागी मोडतात. ड्रॉवर १४०० लांब आहे. सामानासकट ६० किलो, वजन सारखं पसरलेलं, म्हणजे भारमध्य मागच्या टोकापासून ७०० वर. एक मीटर बाहेर ओढला की आत ४०० उरतात आणि भारमध्य पेटीच्या पुढच्या कडेच्या ३०० मिमी बाहेर जातो. मागचं टोक उचललं जातं आणि वरच्या फळीला ४५ किलोचा धक्का देतं. पुढच्या कडेवर १०५ किलो येतात. म्हणूनच वरच्या फळीचे स्क्रू पुढच्या ५०० मिमीत दर १०० मिमीवर घालायचे. मागे १५० चालतात.

घर्षणही वाढतं. ड्रॉवर आत असताना ६० किलोवर साधारण १२ किलोचा ओढा पुरतो. पूर्ण उघडल्यावर १०५ आणि ४५ मिळून १५० किलोचा दाब होतो, तोच ड्रॉवर आत ढकलायला ३० किलोचा जोर लागतो. तुम्हाला जड वाटत असेल तर ९०० वर थांबवा: वरचा धक्का २४ किलो, ढकलायचा जोर २२ च्या आसपास. अवजड वस्तू केबिनच्या बाजूला ठेवली तर आणखी फरक पडतो. भारमध्य २०० मिमी मागे सरकला की एक मीटर उघडूनही वरचा धक्का फक्त १५ किलो राहतो.

वरची ३ मिमी फट याच कारणाने जपायची. मागचं टोक ३ मिमी उचललं की ४०० ला ३ या प्रमाणात पुढचं टोक साडेसात मिमी झुकतं, आणि १२ मिमीवर लावलेली दर्शनी फळी फाळक्याला लागत नाही. फट ८ मिमी झाली तर झुकणं २० मिमी होतं. मग ती लागतेच.

थांबवायला वरच्या फळीत, पुढच्या कडेपासून ३९० मिमीवर, प्रत्येक खणाच्या मधोमध टी-नट बसवा आणि ड्रॉवर आत गेल्यावर वरून एम १० बोल्ट फिरवून फळीखाली ३० मिमी उतरवा. ड्रॉवरची मागची फळी त्यावर येऊन थांबते. बोल्टवर रबरी नळीचा तुकडा चढवला तर आवाज होत नाही. ड्रॉवर काढायचा झाला की बोल्ट काढा. बोल्ट ड्रॉवरच्या कडेखाली सुमारे २० मिमी येतो, म्हणून मधली फळी बुटकी ठेवली, आणि सामानही काठोकाठ भरायचं नाही.

रंग

जोडण्याआधी रंगवा, जोडल्यावर नाही. पेटी बसल्यावर तळाची खालची बाजू पुन्हा दिसत नाही आणि पाणी तिथेच साचतं. जिथे गोंद लागणार ती पट्टी चिकटपट्टीने झाका. सपाट बाजूंना प्रायमर आणि दोन हात पुरतात, कडांना तीन. कड म्हणजे उघडी नळ्यांची टोकं, पहिला हात ती पिऊनच टाकते. स्क्रूसाठी आणि बोल्टसाठी पाडलेल्या भोकांच्या आतही ब्रश फिरवा. प्रत्येक खणाच्या तळात चार कोपऱ्यांजवळ, सरकपट्ट्या सोडून, १० मिमीची भोकं ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जातं.

वरच्या फळीवर गालिचा घालू नका. तो ओला राहतो आणि खालचा प्लाय कुजवतो. रंगाच्या शेवटच्या हातात बारीक चाळलेली वाळू शिंपडली तर पाय घसरत नाही.

हौद्यात बसवणे

ड्रॉवर आणि वरची फळी काढलेली पेटी साधारण ३५ किलो असते, दोघांनी सहज उचलावी अशी. तळाखाली रबराची अखंड चादर घालू नका. तिच्याखाली पाणी अडकून हौद्याचा पत्रा गंजतो. हौद्याच्या तळाला उभ्या नाळ्या असतात, त्यांच्या उंचवट्यांवरच रबरी पट्ट्या चिकटवा आणि नाळ्या मोकळ्या ठेवा.

पेटी केबिनकडच्या भिंतीला टेकलीच पाहिजे. फट उरली तर लाकडाचा ठोकळा भरा. कचकन ब्रेक लागला की भरलेली पेटी, दोनशे किलोच्या घरातली, पुढे जायला पाहते. तो जोर बोल्टांनी नाही तर भिंतीने घ्यायचा. बोल्ट पेटी उचलली जाऊ नये आणि मागे सरकू नये यासाठी.

भोकं पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पाहा. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, सायलेन्सर आणि चेसिसचे आडवे दांडे कुठून जातात ते खडूने तळावर उतरवून घ्या. चेसिसच्या दांड्यात भोक पाडायचं नाही, आणि हौदा चेसिसला धरणाऱ्या मूळ बोल्टांना हात लावायचा नाही. चार कोपऱ्यांजवळ जागा निवडा, भोकाची धार कानसा, उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग द्या, वाळल्यावर सीलंट भरून बोल्ट घाला. खालून लोखंडी चकती आणि नायलॉक नट. कॅरेज बोल्ट यासाठी की त्याचं गोल डोकं पाचेक मिमीच वर राहतं. ड्रॉवरची मागची फळी तळापासून ९ मिमीवरून सरकते, षट्कोनी डोकं आणि वॉशर तिला घासतात.

पत्र्यात भोकं पाडायची नसतील तर हौद्याच्या मूळ कड्यांना टर्नबकल (फिरवून आवळायचा ताणस्क्रू) लावून पेटीचे चारही कोपरे खाली ओढून धरता येतात. चालतं, पण कड्यांची क्षमता पुस्तकात पाहून घ्या आणि टर्नबकलला लॉक नट हवा, नाहीतर कंपनाने सैल होतो.

शेवटी वरची फळी, ड्रॉवर, थांबवायचे बोल्ट आणि दर्शनी फळ्यांवर टॉवर बोल्ट. फाळका लागलेला असला तरी टॉवर बोल्ट हवाच: दर्शनी फळी आणि फाळका यांच्यात चाळीसेक मिमी उरतात, आणि तेवढ्या जागेत भरलेला ड्रॉवर दर चढणीला आपटतो. फाळका काही दिवसांत आतून चेपतो.

बिघाड दिसला तर

ड्रॉवर सुरुवातीला सुटतो पण मध्ये अडतो: पडदा वाकला आहे किंवा खण मध्ये अरुंद आहे. ड्रॉवरच्या बाजूला खडू घासून चार वेळा सरकवा, खडू कुठे पुसला ते दिसेल, तेवढंच घासा. एका कोपऱ्यात ओढल्यावर तिरका होऊन रुततो: बाजूची फट जास्त झाली आहे, मागच्या टोकाला दोन्हीकडून दोन मिमी प्लास्टिकचे तुकडे लावा. पावसात जड, उन्हात हलका: प्लायच्या कडेतून पाणी जातं आहे, ती कड शोधून वाळवून पुन्हा रंगवा. दुपारी जड आणि सकाळी ठीक: सरकपट्टीच्या टोकांचे स्क्रू सैल करा.

पहिल्या आठवड्यात खडबडीत रस्त्यावर चालवून झाल्यावर तळाचे चारही नट पुन्हा आवळा. रबर दबतं आणि नट सैल पडतात. एकदा मोठा पाऊस पडून गेला की दोन्ही ड्रॉवर काढून खणाच्या मागच्या कोपऱ्यात बॅटरी मारून पाहा. तिथे पाणी साचलेलं दिसलं तर कोपऱ्यात १० मिमीचं आणखी एक भोक पाडा आणि त्याची कड रंगवून घ्या.